आधी मुलाचं नाव

गेल्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेला चहाच्या सुट्टीत एक नवी शिक्षिका माझ्या शेजारी येऊन बसली. नोकरीला लागून तिला सहा-सात महिने झालेले. कप तसाच हातात धरून म्हणाली, "मॅडम, शिकवण्यावरच्या चांगल्या पुस्तकांची एक यादी द्या ना मला. मुलांना वाचायला देता येतील अशीही चार नावं घाला त्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तरी चालेल."

मी हो म्हटलं. रात्री भांडी उरकून वही घेऊन बसले. सात-आठ नावं झरझर लिहून झाली आणि हात थांबला. एकेका नावापुढे पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवायच्या आधी एकेक मूल आठवत होतं. हे पुस्तक याच्यामुळे वाचलं, ते तिच्यामुळे कळलं. मुलं वगळून नुसती नावं पाठवली तर त्या पोरीच्या हातात काय पडणार?

मला स्वतःला अशी यादी एकदा मिळाली होती. डी.एड.ला असताना आम्ही हर्बार्टची पंचपदी पाठ केली, थॉर्नडाइकचं मांजर पेटीतून कसं बाहेर पडलं ते लिहिलं, पाठ टाचणं तर किती काढली त्याला गणती नाही. त्या अभ्यासाला मी नावं ठेवत नाही. टाचण काढायची शिस्त मला आजही उपयोगी पडते. पण त्या सगळ्या पानांमध्ये रडणारं, खोडी काढणारं, भूक लागलेलं, खिडकीतून बाहेर बघणारं मूल कुठे भेटलं नव्हतं. तिथे 'विद्यार्थी' होता. त्याला वय होतं, बुद्ध्यांक होता. घर नव्हतं.

१९९९ मध्ये मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात रुजू झाले. चौथीचा वर्ग, पटावर चोपन्न मुलं. पहिले दोन महिने मी नुसती ओरडत होते. "गप्प बसा" हे दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे. ऑगस्टमध्ये घसा बसला. आवाज म्हणून काही उरला नाही. आमचे मुख्याध्यापक गुरुजी निवृत्तीला आलेले होते. ते फार बोलायचे नाहीत. त्यांनी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून एक पातळसं पुस्तक काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. हिंदी अनुवाद होता. "आज रात्री वाचा, बाई," एवढंच म्हणाले.

गिजुभाई मूळचे वकील. मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली सुटली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते बालशिक्षणात कायमचे रुजले. 'दिवास्वप्न' ही त्यांनी रचलेली गोष्ट आहे : एक मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो. चौथीचा! मी दिव्याखाली सरसावून बसले. आणि पहिल्याच दिवशी त्या मास्तरचा फज्जा उडतो. घरून तयारी करून आलेला, पुस्तकं वाचून आलेला माणूस. वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुलं असा गोंधळ घालतात, की त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. 

त्या पानावर मी रडले. दोन महिने मला वाटत होतं, की कमी आहे ती माझ्यातच. शिकवणं ज्याला येतं त्याच्यापुढे मुलं आपोआप शांत बसत असणार. इथे एवढा मोठा माणूस सांगत होता, की पहिल्या दिवशी हरणं हा या कामाचाच भाग आहे. पुढे काय करायचं तेही त्यानं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर गोष्ट सांगतो. 

माझ्याकडे गोष्ट होती, पण आवाज नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी खुर्ची बाजूला सारून मी सतरंजीवर बसले आणि कुजबुजत्या आवाजात सुरुवात केली. मागची पोरं ऐकू येईना म्हणून पुढे सरकली. मग त्यांच्या मागची. कुणीतरी कुणाला तरी "गप ना रं, बाईचं ऐकू येईना" म्हणून दटावलं. वर्ग गप्प करायला मी तोंड उघडलं नव्हतं. चोपन्न मुलं माझ्याभोवती गोळा होऊन श्वास रोखून बसली होती, आणि समोरच्या एका पोराचा हात नकळत माझ्या गुडघ्यावर आला होता. तो हात अजून आठवतो. नखांत माती होती.

पुढे कळलं, की गिजुभाईंच्या सोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनीच नंतर ही वाट महाराष्ट्रात आणली. १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी त्यानंतर वाचलं. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली बाई दुसऱ्यांच्या मुलांसाठी काय काय करू शकते, याचा तो जिवंत पुरावा आहे. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शिक्षकानं गुरांमागे कुरणात जावं, तिथेच शाळा भरवावी, हा कुरणशाळेचा विचार या बायकांना सुचला. सुचला आणि त्यांनी तो करूनही दाखवला. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबद्दल "ती येतच नाहीत, आम्ही तरी काय करणार" असं कुणी म्हणालं की मला कुरणशाळा आठवते आणि मी गप्प राहू शकत नाही.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गाव ओस पडतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक येतात, भांडीकुंडी, शेळी, म्हातारी, लहान पोर सगळं वर चढतं आणि कारखान्याकडे निघतं. कधी सांगली-कोल्हापूर, कधी कर्नाटक. गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसं परत येतात. आता हंगामी वसतिगृहांची सोय आहे, आजी-आजोबांपाशीही काही मुलं थांबतात, पण पहिली-दुसरीतलं पोर आईला सोडून राहत नाही.

अशाच एका पोरासाठी मी सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचं 'टीचर' वाचलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तो आता बाप्या माणूस झाला असेल. तेव्हा पहिलीत होता. एप्रिलमध्ये परत आला तर तीन महिन्यांत जेमतेम शिकलेली अक्षरं सगळी पुसलेली. मी 'कमळ' लिहायची, तो फळ्याकडे बघायचा. 'बदक' लिहायची, तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. त्याला येत नव्हतं असं नाही. त्या शब्दांशी त्याचं देणंघेणंच नव्हतं. कमळ त्यानं पाहिलं नव्हतं आणि मीही आमच्या तालुक्यात कधी पाहिलं नव्हतं.

'टीचर' १९६३ चं पुस्तक. न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांना वाचायला शिकवताना या बाईंना दिसलं, की परदेशातून आलेल्या वाचनपुस्तकांतले गोडगोड शब्द ही मुलं विसरतात, पण 'भूत' हा शब्द एकदा दाखवला की विसरत नाहीत. मग त्या रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला कोणता शब्द पाहिजे? तो शब्द जाड कार्डावर लिहून द्यायच्या. ते कार्ड त्याचं. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं एकत्र मिसळून टाकायच्या आणि मुलांनी आपापली शोधायची. जो शब्द मुलाला ओळखता आला नाही, तो त्याच्या काळजातला नव्हता. ते कार्ड टाकून द्यायचं. मुलाच्या भीतीतला आणि मायेतला शब्द त्याला पहिल्या नजरेत वाचता येतो, असा त्यांचा अनुभव.

मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली. त्याला म्हटलं, तुला कोणता शब्द पाहिजे? दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गाडी." लिहून दिलं. चौथ्या दिवशी "साप." फडात निघाला होता म्हणाला. पाचव्या दिवशी बराच वेळ थांबून म्हणाला, "मोळी."

उसाची मोळी डोक्यावर घेऊन बाया फळीवरून ट्रकमध्ये चढतात. फळी अरुंद असते, दवानं ओली असते आणि बहुतेक वेळा काळोखच असतो. हा खाली उभा राहून बघायचा. "माय वर चढती," एवढंच म्हणाला आणि हात डोक्यावर नेऊन त्यानं मोळी कशी धरतात ते दाखवलं. मी कार्डावर मोठ्या अक्षरात 'मोळी' लिहिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी पस्तीस कार्डांच्या ढिगातून त्यानं ते असं उचललं, जसं गर्दीतून आईला शोधावं. 'कमळ'मधला जो ळ त्याला तीन महिन्यांत उमगला नव्हता, तो 'मोळी'तून एका रात्रीत आला. मग त्याच ळाचा हात धरून तो फळी, नळी, गोळी, कोळी असा चालत सुटला. कमळ सगळ्यात शेवटी आलं.

त्या कार्डांचा ढीग मी अजून ठेवला आहे. पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं मेहनतीनं केलेली असतात, त्यांच्यावर राग नाही. पण राज्यातल्या सगळ्या मुलांसाठी निवडलेला पहिला शब्द माझ्या वर्गातल्या या एका मुलाचा पहिला शब्द असेलच असं नाही. तो शोधून द्यायचं काम माझं आहे, हे मला ते पुस्तक वाचण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

जॉन होल्टचं 'हाऊ चिल्ड्रन फेल' मी इंग्रजीतून, कोश जवळ घेऊन, अडखळत वाचलं. १९६४ चं आहे. पाचवीच्या वर्गात बसून त्यानं मुलांकडे नुसतं पाहिलं आणि रोजच्या रोज लिहून ठेवलं. मुलं गणिताचं उत्तर गणितात शोधत नाहीत, बाईंच्या चेहऱ्यावर शोधतात, हे त्यानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी एका मुलीला सात आणि आठ किती विचारलं. "चौदा... प... पंधरा?" तिची नजर माझ्या भुवयांवर होती. पंधरा म्हणताना माझी मान किंचित हलली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून उत्तर ऐकताना मी पाठमोरी उभी राहते, नाहीतर त्यांनाच मणी मोजायला लावते. एवढा एकच बदल त्या पुस्तकानं माझ्यात केला आणि तो पुरेसा आहे.

'प्रिय बाई' मात्र मी कुणाला लगेच देत नाही. त्या पुस्तकानं मला आठ दिवस झोपू दिलं नाही. इटलीत फ्लॉरेन्सच्या वरच्या डोंगरात बार्बियाना नावाची चार घरांची वस्ती. तिथे लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्यानं शाळेनं नापास करून घालवलेली शेतकऱ्यांची पोरं जमवली. शाळा वर्षाचे सगळे दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायचं आणि सगळ्यात मागे पडलेला मुलगा जणू एकटाच विद्यार्थी आहे असं समजून पुढे जायचं. त्यातल्या आठ मुलांनी मिळून, त्यांना नापास करणाऱ्या बाईंना हे लांबलचक पत्र लिहिलं. १९६७ च्या मे महिन्यात पुस्तक आलं, जूनमध्ये आजारी मिलानी गेले. पत्रात मुलांनी नुसता राग काढलेला नाही. त्यांनी आकडेवारी जमवली, कुणाची मुलं गळतात आणि कुणाची टिकतात हे बापाच्या धंद्यासकट मांडलं.

ते वाचत होते त्याच वर्षी मी एका मुलीचं नाव पटावरून कमी केलं होतं. सातवीतली. सतत गैरहजर. नियमाप्रमाणे केलं, सही केली, शिक्का मारला. पत्र वाचून झाल्यावर मी पाच वर्षांची हजेरीपत्रकं काढली आणि मध्येच शाळा सुटलेल्या मुलांची नावं एका कागदावर उतरवली. नावांपुढे घर लिहिलं. जवळपास सगळी घरं एकाच वस्तीवरची निघाली. मी त्या वस्तीवरून रोज जात होते. बार्बियानाच्या पोरांनी ते पत्र मलाच लिहिलं होतं. त्या मुलीच्या घरी मी गेले तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. ती मला चहा करून देत होती. त्या चहाबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही.

विद्यार्थ्यानं शिक्षणाबद्दल लिहावं आणि मोठ्यांनी ऐकावं, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बार्बियानाच्या ११२ वर्षं आधी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. कोवळ्या वयाची मुलगी, तीनच वर्षांची शाळा आणि थेट पेशवाईच्या अन्यायाला जाब. मुलांना वाचायला काय देऊ, असं मला कुणी विचारलं तर मी हा निबंध आधी सांगते. अभ्यास कसा करावा, स्मरणशक्ती कशी वाढवावी, गुण कसे मिळवावेत, अशी पुस्तकं मुलांना ढिगानं मिळतात. शिकणं कशासाठी, आणि शाळा कशी असायला हवी यावर आपलंही मत असू शकतं, हे सांगणारं पुस्तक त्यांच्या हातात कुणी देत नाही. तो त्यांचा हक्क आहे.

म्हणून 'तोत्तोचान' मी कपाटात ठेवतच नाही. ते वर्गात असतं. तेत्सुको कुरोयानागी यांनी १९८१ मध्ये लिहिलेली स्वतःच्या बालपणीची हकिकत. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी, कारण ती डेस्काचं झाकण दिवसभर उघडझाप करायची आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची. मग ती आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत जाते. १९३७ मध्ये सुरू झालेली ही टोकियोतली शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. दरवर्षी पाचवीच्या वर्गाला मी ते जेवणाच्या सुट्टीनंतर रोज दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून दाखवते.

मुख्याध्यापक कोबायाशी डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं आणायला सांगायचे, हे वाचलं त्या दिवशी वर्गात चर्चा उसळली. डोंगरातलं आपल्याकडे पुष्कळ आहे, पण समुद्र? एक पोरगा दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत चार सुकटं घेऊन आला. "बाजारातली हायेत, पण समुद्रातूनच आलेली," म्हणाला. दुसरी म्हणाली, "मीठ पण." भाकरी, ठेचा आणि मीठ. प्रत्येकाच्या डब्यात समुद्र निघाला. एकाही मुलाला त्या दिवशी आपला डबा झाकून खावासा वाटला नाही. तोमोएच्या मुख्याध्यापकांना तेच हवं होतं. माझ्या वर्गानं ते आपलं आपण शोधलं.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. नव्या शाळेत पहिल्या दिवशी कोबायाशी तोत्तोचानला म्हणतात, तुला जे सांगायचं ते सगळं सांग. आणि ती चार तास बोलत राहते. ते चार तास ऐकतात. जांभई देत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. हा प्रसंग वाचल्यावर एका मुलीनं मला विचारलं, "बाई, तुम्ही ऐकता का असं?" तिनं तक्रार म्हणून विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्या आठवड्यात ठरवून एका मुलासोबत पिंपळाच्या पारावर बसले. मध्ये बोलायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं. सातव्या मिनिटाला मी त्याला म्हणाले, "बरं, मग अभ्यास कधी करतोस?" तो गप्प झाला. शेळी व्याल्याची गोष्ट सांगत होता, ती तिथेच राहिली. पुढच्या वेळी अकरा मिनिटं. मग वीस. एवढ्या वर्षांत चाळीस मिनिटांच्या पुढे मी अजून गेलेले नाही. चार तास हा फार मोठा पल्ला आहे, आणि तो पुस्तकातल्या माणसानं खरोखर गाठला होता हे लक्षात आलं की मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

तर त्या रात्री मी यादी पाठवली नाही. सकाळी त्या शिक्षिकेला निरोप टाकला : "यादी देते. आधी तुझ्या वर्गातल्या एका मुलाचं नाव सांग. ज्याच्यामुळे तुला रात्री झोप येत नाही, त्याचं."

दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, रुसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मी भाजी फोडणीला टाकत होते. तिनं एक नाव सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, तो ना रोज दारापाशीच बसतो. आत ये म्हटलं तरी येत नाही. आणि चपला हातात धरून बसतो. शाळा सुटेपर्यंत. पहिल्यांदा मी रागावले त्याला. काल नाही रागावले, त्याच्या शेजारी दारात जाऊन बसले, तर तो सांगायला लागला, की त्याच्या भावाच्या चपला..."

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. मी गॅस बंद केला, स्टूल ओढून बसले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.